टाकीचा वास म्हणजे टाकीची तक्रार

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला न आलेल्या तायांसाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावून हसल्या. हसा, हरकत नाही. आपण बचतीवर बोलतो, कर्जाच्या हप्त्यावर बोलतो, शेळीपालनावर बोलतो. पण घरामागच्या संडासच्या टाकीवर कुणी बोलत नाही. आपल्याकडं सगळे तिला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. खरं नाव सेप्टिक टँक. नाव काही का असेना, तिचा वास मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि तो वास सगळ्यात जास्त कुणाला सोसावा लागतो? बाईला. घरधनी सकाळी शेतात जातो, पोरं शाळेत जातात. भांडी घासायला, कपडे धुवायला, निवडटिपण करायला मागच्या अंगणात बाईच बसते. पाहुणे आले की तिचीच मान खाली जाते. शेजारणीशी भांडण झालं की पहिला शब्द निघतो, “तुमच्या टाकीचा वास येते, काहून नीट करत नाही?” आणि वास सहन होईनासा झाला की घरातली म्हातारी माणसं पुन्हा डबा घेऊन बाहेर निघतात. मग संडासात गोवऱ्या आणि तुराट्या भरल्या जातात. शासनाचं १२,००० रुपयांचं अनुदान मिळालं, पदरचे पैसे घातले, गाव हागणदारीमुक्त झालं, आणि एका वासापायी सगळं पाण्यात जातं. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

वास येतो कुठून?

आधी टाकीच्या आत काय चालतं ते समजून घेऊ. मैला आणि पाणी टाकीत आलं की त्याचे तीन थर होतात. जड गाळ तळाला बसतो. तेलकट, हलका भाग वर साय धरल्यासारखा तरंगतो. मधे राहतं ते पाणी, आणि ते पुढच्या पाइपानं बाहेर जातं. तळाच्या गाळावर बारीक जिवाणू काम करतात. त्यांना हवा लागत नाही. ते मैला कुजवून कमी करतात आणि त्यातून गॅस तयार होतो. गोबर गॅसच्या टाकीत शेणाचं जे होतं, तेच इथं मैल्याचं होतं. गोबर गॅसमध्ये जळतो तो मिथेन इथंही असतो, पण त्याला वास नसतो. वास असतो तो हायड्रोजन सल्फाइड नावाच्या गॅसला. नाव अवघड आहे, पण ओळख जुनी आहे. लोणारच्या सरोवराच्या काठावर उतरलात तर चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना? तोच तो.

म्हणजे टाकीत गॅस होणं हा काही बिघाड नाही. टाकी काम करते म्हणून गॅस होतो. प्रश्न एवढाच की तो गॅस छपराच्या वर जातो की आपल्या नाकाशी येतो. नाकाशी येत असेल तर टाकी काहीतरी सांगतेय. ती काय सांगते, ते एकेक करून पाहू.

पहिली जागा: संडासचं भांडं आणि न्हाणी

वास संडासच्या आत जास्त येत असेल तर भांड्यापासून सुरुवात करा. भांड्याखाली वाकडी नळी असते. गवंडी तिला ट्रॅप म्हणतात, कुणी कोंबडा म्हणतात. तिच्यात कायम थोडं पाणी उभं राहतं. आपल्या गावातल्या भांड्यांना ते साधारण २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी असतं. एवढंसं पाणीच टाकीचा गॅस अडवून धरतं. ते वाळलं की दार उघडं पडलं समजा.

उन्हाळ्यात आपल्याकडं टँकरची वाट पाहावी लागते. मग पाणी वाचवायला भांड्यात जेमतेम तांब्याभर ओतलं जातं. गावठी खोल उताराच्या भांड्याला दीड ते दोन लिटर पाणी तरी लागतं. त्यासाठी चांगलं पाणी वापरायची गरज नाही. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी बादलीत धरून ठेवा, ते चालतं. लग्नाला किंवा ऊसतोडीला घर बंद करून जायचं असेल तर परत आल्यावर आधी बादलीभर पाणी ओता, मग दार लावा. न्हाणीच्या जाळीखालीही वाटीसारखा भाग असतो. केस अडकतात म्हणून पुष्कळ जणी तो काढून फेकतात. तो परत बसवा. न्हाणीचा पाइप टाकीला जोडलेला असेल तर त्या वाटीशिवाय वास थांबणार नाही.

भांड्यात पाणी उभंच राहत नसेल तर ट्रॅप फुटला असेल किंवा बसवलाच नसेल. तिथं गवंडी लागेल, दुसरा इलाज नाही.

दुसरी जागा: गॅसचा पाइप

टाकीवरून उभा पाइप वर गेलेला असतो. गॅस जायची खरी वाट तीच. भारतीय मानक सांगतं की हा पाइप निदान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंची असावा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर तो घराच्या छपराच्याही वर दोन मीटर न्यावा. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. आता आपापल्या घरचा पाइप आठवा. कुणाचा कंबरेएवढा आहे, कुणाचा बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे, कुणाच्या पाइपाचा तर कपडे वाळवायच्या दोरीला आधार झालाय. पाइप खिडकीएवढा असेल तर वास खिडकीतूनच येणार. संध्याकाळी वारा पडला की तो अंगणात साचतो, म्हणून दिवेलागणीला जास्त जाणवतो.

दुसरं असं की, पाइपातून डास येतात म्हणून पुष्कळ ठिकाणी चिंधी कोंबतात किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. असं करू नका. वरची वाट बंद झाली की गॅस भांड्यातून वाट काढतो. पाणी टाकलं की भांड्यात गुडगुड आवाज येतो, बुडबुडे येतात, ती त्याची खूण. डासांसाठी बारीक नायलॉनची जाळी तोंडावर बांधा आणि वर टोपी बसवा. म्हणजे गॅस जाईल, डास अडतील, पावसाचं पाणीही आत जाणार नाही. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आधी म्हणा, जाळीला कोळिष्टकं किंवा गांधीलमाशीचं घर लागलंय का ते कुणाकडून तरी पाहून घ्या.

पाइप वाढवायला एक लांबी पाइप, एक जोड आणि भिंतीला दोन पकडी लागतात. सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त आहे, आणि पुष्कळ घरांचा वास एवढ्यानंच जातो.

तिसरी जागा: टाकीचं झाकण

झाकणाच्या कडेला फट असेल, फरशीला तडा गेला असेल, तर गॅस तिथूनच येतो. फट सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं भरा. जिथून टाकी उपसायची त्या झाकणाला कडेनं पातळ मसाला लावा, म्हणजे पुढे उचलता येईल. फरशी खालून झिजली असेल, पाय ठेवल्यावर हलत असेल, तर तिथं वासाआधी जिवाची काळजी करा. लेकरं त्या फरशीवर खेळतात. ती बदलून घ्या.

चौथी जागा: टाकीतून बाहेर पडणारं पाणी

आता मुख्य दुखणं. आपल्याकडं पुष्कळ घरांच्या टाकीचा बाहेरचा पाइप सरळ गल्लीतल्या नालीत सोडलेला असतो. ते पाणी दिसायला साधं, पण त्यात मैल्याचे जंतू असतात. उघड्या नालीतून ते दहा घरांपुढून जातं. वास, डास, पोरांची हगवण, आणि वरून भांडणं. मग आपण टाकी कशाला बांधली? मैला घरापुढून शेजाऱ्याच्या घरापुढं नेला, एवढंच झालं.

हे पाणी शोषखड्ड्यात मुरलं पाहिजे. इथं जमिनीचा स्वभाव पाहावा लागतो. घाटावर, चिखली-मेहकरकडं मुरमाड जमीन असेल तिथं पाणी लवकर मुरतं. पण घाटाखाली, नांदुरा-शेगाव-संग्रामपूरच्या काळ्या भुईत ते मुरत नाही. पावसाळ्यात काळी माती फुगते, खड्डा तुडुंब भरतो आणि पाणी उलट टाकीत येतं. तिथं खोल खड्डा खणण्यापेक्षा उथळ आणि लांब चर घ्या. त्यात खडी भरा, छिद्रांचा पाइप टाका आणि कडेला कर्दळ, केळी लावा. झाडं पाणी ओढून घेतात. तिथं पालेभाजी मात्र लावू नका. आणि जिथं मुरूम आहे, खडकाला भेगा आहेत, तिथं पाणी लवकर मुरतं म्हणजे ते लवकर विहिरीतही पोचू शकतं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून, हातपंपापासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब असावा.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत सोडू नका. एकदम बादल्यांवर बादल्या पाणी आलं की तळाचा गाळ ढवळतो आणि बाहेर वाहून जातो. तेलकटपणामुळं वरची साय जाड होते. त्या पाण्याला वेगळा शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या अशा खड्ड्यांमुळंच गाजलं. सांडपाणी खड्ड्यात मुरलं, उघड्या नाल्यांची गरज राहिली नाही, डास हटले. लोक त्याला जादूचा खड्डा म्हणायला लागले. त्यात जादू काही नाही, गावानं सगळ्यांनी मिळून केलं एवढंच.

पाचवी गोष्ट: टाकी भरली आहे

“आमची टाकी दहा बाय दहाची आहे, पंधरा वर्षं झाली, एकदाही उपसली नाही,” असं लोक अभिमानानं सांगतात. बायांनो, हे मिरवण्यासारखं नाही. टाकी मोठी म्हणजे चांगली असं काही नसतं. पाच माणसांच्या घराला पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आत साडेतीन फूट पाणी उभं राहील एवढी टाकी पुरते, पण ती वेळेवर उपसली पाहिजे. पंधरा वर्षांत भरली नाही याचा अर्थ एकतर तिचा तळ कच्चा आहे आणि मैला जमिनीत जातोय, नाहीतर गाळ पाण्याबरोबर नालीत जातोय.

साधारण दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी. भांड्यातलं पाणी हळू उतरायला लागलं, बाहेर जाणारं पाणी काळं आणि घाण वासाचं झालं, की वेळ झाली समजा. उपसताना सगळं धुऊन काढायला लावू नका. तळाला थोडा गाळ राहू द्या. दह्याला विरजण लागतं तसं टाकीला ते विरजण असतं. नवी टाकी सुरू करताना ती पाण्यानं भरून थोडं कुजलेलं शेण टाकतात, ते त्याचसाठी.

आणि गाडीवाल्याला एक प्रश्न विचारायचाच, “भाऊ, हे नेऊन कुठं टाकता?” आपली टाकी रिकामी करून मैला कुणाच्या नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतला तर वास गेला नाही, गाव बदललं फक्त.

काय टाकू नये

वास आला की आपण ॲसिड आणतो, फिनाईल आणतो, ब्लिचिंग पावडर ओततो. घटकाभर बरं वाटतं. पण आतले जिवाणू मरतात, मैला कुजायचा थांबतो आणि आठ दिवसांनी वास दुपटीनं येतो. शिवाय ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी गॅस होतो. बंद संडासात तो छातीत भरतो. भांडं घासायला ब्रश, थोडी साबणाची पूड आणि पाणी पुरे. दारावर येऊन “हा डबा टाका, टाकी जन्मभर उपसायची गरज नाही” म्हणणाऱ्याला नमस्कार करून पाठवून द्या. गाळ पावडरीनं गायब होत नाही, तो काढावाच लागतो.

पाळीचे पॅड, कपड्याच्या घड्या, लेकरांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, केस, राख यातलं काहीही भांड्यात टाकू नका. पॅड पाणी पिऊन फुगतो आणि पाइपात अडकतो. कागदात गुंडाळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा. लाजेपायी भांड्यात टाकलेली वस्तू शेवटी दुसऱ्या कुणाला तरी हातानं काढावी लागते.

आणि आता जी गोष्ट सांगायलाच मी आले

वास असह्य झाला, गाडी मिळाली नाही, की घरातून आवाज निघतो, “एखादा माणूस बोलवा, पाचशे-हजार द्या, उतरून काढेल.” कुठला माणूस बोलावतात, कोणत्या वस्तीतला, ते मी सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत आहे.

२०२३ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. असं कसं होतं? टाकीतला गॅस थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं गॅस गेला. तो उतरतो, दोन श्वासांत पडतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. एकामागे एक. म्हणून नीट ऐका. टाकीत कुणी पडलं तर मागं कुणी उतरायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. ११२ ला, १०८ ला फोन करायचा, माणसं गोळा करायची, सगळी झाकणं उघडायची. उघड्या टाकीजवळ काडी पेटवायची नाही, विडी ओढायची नाही, आत डोकावायचं नाही.

२०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा कायदा फक्त नगरपालिकेला नाही, घरमालकालाही लागतो. पण कायद्याचं सोडा. आपल्या घरची घाण काढायला दुसऱ्या बाईचं कुंकू पणाला लावायचं का, एवढंच विचारा.

गट काय करू शकतो

एकटीनं गाडी बोलवायची तर खर्च जड जातो, आणि एका घरासाठी शहरातून गाडी यायलाही कुरकुर करते. सातारा जिल्ह्यातल्या वाई शहरात २०१८ पासून नगरपरिषदेनं पाळी लावली. वॉर्डामागून वॉर्ड, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी यंत्रानं उपसली जाते आणि मैला प्रक्रिया केंद्रात जातो. टाकी भरून वाहायची वाट कुणी पाहत नाही. ते शहर आहे, मान्य. पण पाळी लावणं आपल्याला नवं आहे का? आपण महिन्याची बचत पाळीनंच गोळा करतो.

ग्रामसंघानं वहीत यादी करावी: कुणाची टाकी कधी बांधली, कधी उपसली, गाडीचा पाइप पोचतो का. एका गल्लीतली आठ-दहा घरं एकाच दिवशी घ्यावी. समजा गाडी दिवसाचे दहा हजार म्हणाली आणि दहा घरं झाली, तर घरामागं हजार. दोन वर्षांसाठी हजार म्हणजे महिन्याला बेचाळीस रुपये. शोषखड्डा किंवा पाइप यासाठी गटातून अंतर्गत कर्ज द्यायला काय हरकत आहे? आजारपणाला देतोच ना, मग आजार टाळायला का नको?

आणि ग्रामसभेत बोला. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती. त्यातून आपल्या गावात काय झालं ते विचारा, आणि पुढच्या विकास आराखड्यात सांडपाण्याचं आणि टाकी उपसण्याचं काम घाला म्हणा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. तिथं ठराव लिहून घ्या.

ज्यांना नवं संडास बांधायचं आहे, त्यांनी टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा विचार करावा. जमीन मुरणारी हवी. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं मातीसारखं खत होतं, त्याला वास नसतो. गॅस मातीत जिरतो, उंच पाइप लागत नाही, आणि कुणाला आत उतरवायचा प्रश्नच येत नाही.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीनं पाच गोष्टी पाहून यायच्या. भांड्यात पाणी उभं राहतं का. गॅसचा पाइप छपराच्या वर आहे का, त्याला जाळी आहे का. झाकणाला फट आहे का. बाहेरचं पाणी कुठं जातं. टाकी शेवटची कधी उपसली. लिहिता येत असेल तिनं लिहून आणा, नाहीतर लेकीला लिहायला सांगा. सीआरपी ताई सगळ्यांची यादी करतील आणि पहिली गल्ली कोणती घ्यायची ते आपण इथंच बसून ठरवू.